यांत्रिक लक्ष्मणराव किर्लोस्कर

गेल्या उन्हाळ्यातील एका सुट्टीच्या सकाळी आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आपल्या अंगणात मोटारीचे बॉनेट उघडून आत वाकलेला आम्हास दिसला. मोटारीत गारवा करणाऱ्या यंत्रणेचा कॉम्प्रेसर निकामी झाला होता, आणि तो त्यास स्वहस्ते बदलावयाचा होता. कॉम्प्रेसर म्हणजे वायू दाबून पुढे ढकलणारा एक प्रकारचा पंपच होय. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो व आत आलेला वायू दाबून तप्त करितो. तो तप्त वायू मोटारीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत आपली उष्णता बाहेरील हवेस देऊन द्रवरूप होतो, आणि पुढे अरुंद वाटेने सुटताच त्याचा दाब उतरून तो थंडगार होतो. या मुलाने आधी एका कारखान्यात जाऊन तेथील यंत्राने जुना वायू काढवून घेतला होता. कारण हा वायू अंगावर उडाल्यास कातडी व डोळे यांस इजा करितो, आणि हवेत सोडल्यास पृथ्वीचे तापमान वाढविण्यास कार्बन डायऑक्साईडपेक्षा हजारांहून अधिक पट कारण होतो. मग घरी त्याने पट्टा सैल केला, नळ्या सोडविल्या, त्यांत दमट हवा शिरू नये म्हणून त्यांची तोंडे बंद केली, नवी रबरी कडी घातली, ओलावा शोषणारी डबी बदलली, तेल मापून ओतले आणि नवा कॉम्प्रेसर बसविला. नळ्यांतील हवा खेचून काढून वायू तोलून भरण्याकरिता मोटार पुन्हा कारखान्यात गेली.

घरी काय करावे व काय करू नये हा विवेक पाहून आम्हास संतोष वाटला. मोटार विकत घेणारे पुष्कळ असतात. ती उघडून आत काय आहे हे समजून घेणारे थोडे. ज्या पुरुषाने अवघे आयुष्य अशा उघडण्यात व जोडण्यात वेचले, आणि ज्याचा कारखाना आपल्याच सातारा-सांगली भागात उभा राहिला, त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे म्हणून हा लेख.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचे लक्ष मात्र पुस्तकांपेक्षा चित्रांकडे व यंत्रांकडे अधिक. १८८५ साली वडिलांच्या मनाविरुद्ध, पण वडील बंधू रामुअण्णा यांच्या आधाराने, तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथे एक विलक्षण संकट उभे राहिले. आपणास काही रंगांमधील भेद ओळखता येत नाही, असे त्यास आढळून आले. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणास यापरता दुसरा आघात कोणता? लक्ष्मणरावांनी रंग सोडले व रेषा धरिली. यांत्रिक रेखाचित्रण हा विषय रंगांवाचून साधतो; त्यात ते इतके प्रवीण झाले की मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. (मुलाने कोणती शाखा घ्यावी यावरून ज्या घरांत दरवर्षी जून महिन्यात वादंग माजतो, त्या घरांतील पालकांनी हा प्रसंग सावकाश वाचावा.)

शिकविण्याचे तास संपले की लक्ष्मणराव संस्थेच्या कर्मशाळेत जात. यंत्रांची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. यंत्रे समोर होती. ती कशी चालतात हे पाहावे, हाताने काम करावे, इंग्रजीतील यांत्रिक मासिके चाळावीत, हाच त्यांचा अभ्यासक्रम. त्याच काळात सायकल हे नवे वाहन त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी मुंबईहून सायकली धाडाव्यात आणि रामुअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, असा उद्योग १८८८ साली सुरू झाला. एका सायकलीस सातशे ते हजार रुपये पडत, म्हणजे गिऱ्हाईक श्रीमंतच असे. आणि बसावयास शिकविण्याचे पंधरा रुपये निराळे. विकलेली सायकल मोडली म्हणजे ती दुरुस्त करणेही आले. दुसऱ्याने केलेले यंत्र उघडून पुन्हा जोडता जोडता माणसास ते करणाराची बुद्धी कळू लागते, आणि हे शिक्षण कोणत्याही वर्गात मिळत नाही, हे आम्ही शिक्षक असूनही कबूल करितो.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांस डावलून ती जागा एका युरेशियन गृहस्थास देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला व ते बेळगावास येऊन राहिले. स्थिर पगाराची नोकरी सोडून लहानशा दुकानाच्या भरवशावर संसार चालविणे हे त्या काळी मोठेच साहस होते.

बेळगावात प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. येथे त्यांची खरी परीक्षा झाली. लाकडी नांगर जमीन वरवर खरवडतो. लोखंडी नांगर ती खोलवर फोडून उलथितो व हरळीसारख्या तणाची मुळे उपसून काढितो. परंतु लोखंडाने जमिनीस विष चढते, ती नापीक होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर तयार होऊन पडले आणि सुमारे दोन वर्षे त्यांस गिऱ्हाईक मिळेना. शेतकऱ्यास हसणे सोपे आहे; पण ज्याची सारी मालमत्ता ती जमीनच, त्याने नवख्या वस्तूस भ्यावे यात आम्हास नवल वाटत नाही. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यास दोष दिला नाही. नांगर सुधारीत राहणे व शेतात चालवून दाखविणे हाच त्यांचा उपाय होता.

या नांगराविषयी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. नांगराचा फाळ झिजणारच. विलायती नांगराचा फाळ झिजला की नवा समुद्रापलीकडून यावयाचा, तोवर नांगर गोठ्यात पडून. नांगर याच मुलखात होऊ लागल्यावर त्याचे सुटे भागही येथेच मिळू लागले. झिजलेला भाग बोल्ट सोडवून काढावा व नवा बसवावा, इतके काम शेतकरी आपल्या खळ्यात पान्याच्या साहाय्याने करू शके. आरंभी ज्या मुलाची हकीकत सांगितली तो अंगणात जे करीत होता, ते आपल्या आजे-पणज्यांनी बैल झाडाखाली बांधून केलेले आहे.

नांगरास मागणी येऊ लागते न लागते तोच बेळगावच्या नगरपालिकेने नवी वसाहत करण्याकरिता कारखान्याची जागा घेतली. कारखाना आहे, कारागीर आहेत, पण पायाखाली जमीन नाही, अशी स्थिती झाली. त्या सुमारास औंध येथे देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. रंग सोडावे लागलेल्या त्या यांत्रिकाची अडचण त्यांनी जाणली, आणि आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर जागा व दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. हा भाग आज सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात येतो. औंध सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात.

१० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. जागा म्हणजे निवडुंगाचे रान व सापांचे वारूळ. पाण्याचा दुष्काळ, डोक्यावर ऊन, राहावयास झोपड्या. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी आरंभीच्या मंडळींच्या भोजनाची व्यवस्था पाहिली. त्यांचा उल्लेख अशा चरित्रांत एका वाक्यात आटोपतो, आमच्याही येथे तेच होत आहे, याची आम्हास खंत वाटते. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर हे सहकारी तेथे होते. पैकी फळणीकरांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते, पण यंत्रात त्यांची बुद्धी अचाट चाले. लक्ष्मणराव माणसाचा दाखला पाहत नसत. ज्यांच्या नावावर पूर्वी गुन्हे लागले होते अशा माणसांसही त्यांनी वस्तीच्या रखवालीचे काम सांगितले, आणि अस्पृश्यतेस त्या वाडीत थारा दिला नाही. १९१० सालच्या समाजात यास किती विरोध झाला असेल याची कल्पना आजच्या मुलांस येणे कठीण आहे.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासे झाले. त्या वेळी करवीरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, व त्या वितळवून नांगर झाले. १९२० साली कारखान्याचे लिमिटेड कंपनीत रूपांतर झाले. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले. पुढे किर्लोस्कर या नावाने ते मराठी घराघरांत गेले. १९२६ साली कारखान्यातून पाण्याचा पंप बाहेर पडला. त्याच साली वडील चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून यंत्रविद्येची पदवी घेऊन परतले आणि हळूहळू कारभार त्यांच्या हाती गेला. स्वातंत्र्यानंतर औंध संस्थान विलीन झाले. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा निराळा निघाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कुंडल रोड स्टेशन मात्र किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाऊ लागले होते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५८ साली, त्यांच्या घराण्याने पुण्यास किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी काढिली. हवा दाबणारे आणि शीतगृहांस थंडावा पुरविणारे कॉम्प्रेसर ती बनविते. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीस भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढिले.

आमच्या त्या माजी विद्यार्थ्याच्या मोटारीतून निघालेला जुना कॉम्प्रेसर भंगारात जावयाचा होता. आम्ही तो मागून आणिला. तेल पुसून तो सध्या प्रयोगशाळेतील कोपऱ्याच्या मेजावर ठेविला आहे, शेजारी पान्यांची पेटी आहे, आणि नववीच्या मुलामुलींनी दोन बोल्ट तर सोडविलेही आहेत.