मंडईत परतलेला भाजीवाल्याचा मुलगा

जगाला घाबरवणे हाच ज्याचा आयुष्यभराचा धंदा झाला, त्या माणसाचे बालपण कोबी-बटाट्यांच्या ढिगाशेजारी गेले. आल्फ्रेड हिचकॉकचा जन्म १३ ऑगस्ट १८९९ रोजी लंडनच्या पूर्वेकडील लेटनस्टोन येथे झाला. वडील भाजीवाले, खाली दुकान, वर बिऱ्हाड. घर कर्मठ कॅथलिक, शाळा जेझुइट पाद्र्यांची. पाप आणि शिक्षा हे शब्द कानावरून गेले नाहीत असा दिवस नसावा. लहानपणी काही खोडी केली म्हणून वडिलांनी चिठ्ठी देऊन पोलीस चौकीत पाठवले आणि पोलिसाने काही मिनिटे कोठडीत बंद केले, ही आठवण तो म्हातारपणापर्यंत सांगत असे. गुन्हा न करता अडकलेला माणूस त्याच्या चित्रपटांत पुन्हा पुन्हा का येतो, याचे उत्तर मला या आठवणीत सापडते.

१९१४ साली वडील वारले. पोराने तारांच्या कारखान्यात नोकरी धरली, चित्रे काढली आणि पुढे इस्लिंग्टनच्या स्टुडिओत मूकपटांच्या पाट्या रंगवू लागला. तिथेच आल्मा रेव्हिल भेटली. ती त्याच्यापेक्षा एका दिवसाने लहान, पण संकलनाच्या कामात त्याच्याआधी मुरलेली. १९२६ मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढच्याच वर्षी ‘द लॉजर’ पडद्यावर आला. लंडनमध्ये बायकांचे खून पडताहेत आणि घरातल्या भाडेकरूवरच संशय येतो, अशी ती गोष्ट. हिचकॉकचे सारे गाठोडे त्यातच बांधलेले होते.

१९३९ मध्ये तो अमेरिकेला गेला. १९६० च्या ‘सायको’तला न्हाणीघरातला खून पडद्यावर मिनिटभरही टिकत नाही, पण त्याचे चित्रीकरण आठवडाभर चालले होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मायकेल पॉवेलने ‘पीपिंग टॉम’ काढला. पॉवेल एकेकाळी हिचकॉककडे छायाचित्रकार होता. ‘सायको’ने हिचकॉकला पैसा दिला, तर ‘पीपिंग टॉम’वर समीक्षक असे तुटून पडले की पॉवेलची कारकीर्द जवळजवळ संपली.

तरीही त्या वाटेने ब्रिटिश चित्रपट गेलाच. सत्तरच्या दशकात ‘अँड सून द डार्कनेस’, ‘१० रिलिंग्टन प्लेस’, पीट वॉकरचा ‘फ्राइटमेअर’ असे चित्रपट आले. त्यांतला खुनी कुणी राक्षस वा पिशाच्च नव्हे. तो शेजारी असतो, घरमालक असतो, एखादी प्रेमळ म्हातारीही असते. याला प्रत्यक्षाचाही आधार होता. रिलिंग्टन प्लेसमधल्या टिमथी इव्हान्सला १९५० मध्ये फाशी झाली. त्याच घरात राहणारा क्रिस्टी हा अनेक बायकांचा खुनी असल्याचे नंतर उघड झाले. इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली ती १९६६ मध्ये, आणि खुनासाठीची फाशी ब्रिटनने कायमची बंद केली १९६९ मध्ये. भल्या दिसणाऱ्या माणसाची भीती आणि निरपराध्याला लटकवल्याची बोच, दोन्ही त्या समाजात ताज्या होत्या.

नेमक्या अशा वेळी, १९७१ साली, सत्तरी ओलांडलेला हिचकॉक ‘फ्रेन्झी’ करायला लंडनला आला. ‘टॉर्न कर्टन’ आणि ‘टोपाझ’ समीक्षकांना फारसे रुचले नव्हते. म्हातारा संपला, अशी कुजबुज होती. त्याने जागा निवडली कॉव्हेंट गार्डनची भाजी-फळांची मंडई. आणि खुनी कोण? त्याच मंडईतला फळांचा घाऊक व्यापारी! हसतमुख, मित्राला अडीअडचणीला मदत करणारा, आईवर जीव असलेला बॉब रस्क. तो टायने बायकांचे गळे आवळतो आणि संशय येतो त्याच्या कफल्लक, तिरसट मित्रावर. भाजीवाल्याच्या मुलाने आपल्या बालपणातलेच माणूस खुनी म्हणून उभे केले, याचा मला प्रथम धक्का बसला आणि मग ते पटलेही. ज्याच्याकडून आपण रोज निर्धास्तपणे सफरचंदे घेतो, त्याच्या मनाचा तळ आपल्याला कुठे ठाऊक असतो?

या चित्रपटात दोन खून महत्त्वाचे आहेत. पहिला हिचकॉक सारा दाखवतो, लांबवून, निर्दयपणे. त्यावर तेव्हाही आक्षेप आले आणि मला ते रास्त वाटतात. ‘द बर्ड्स’ची नायिका टिप्पी हेड्रन हिने २०१६ च्या आत्मचरित्रात त्याच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला. तो वाचल्यावर हे दृश्य अधिकच जड जाते. दुसऱ्या वेळी मात्र रस्क त्या तरुणीला घेऊन जिना चढतो, दार लागते आणि कॅमेरा आत जातच नाही. तो हळूहळू जिन्यावरून मागे उतरतो, बाहेर रस्त्यावर येतो. तिथे हमालांची वर्दळ, मंडईचा गलका, रोजचा दिवस. वर काय चालले आहे ते फक्त आपल्याला माहीत, आणि आपण काही करू शकत नाही. पहिल्या खुनाने अंगावर शहारा येतो. दुसऱ्याने घशात आवंढा अडकतो. त्या बाईविषयीची करुणा मला या न दाखवण्यातच दिसते.

चित्रीकरण चालू असतानाच आल्माला पक्षाघाताचा झटका आला. ती सावरली, हिचकॉकने काम पुरे केले. १९७२ मध्ये कान महोत्सवात ‘फ्रेन्झी’चे जोरदार स्वागत झाले आणि तिकीटबारीवरही तो चालला. त्यानंतर त्याच्या हातून आणखी एकच चित्रपट झाला, १९७६ चा ‘फॅमिली प्लॉट’. १९८० च्या आरंभी त्याला ‘सर’ हा किताब जाहीर झाला आणि २९ एप्रिल रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचे निधन झाले. दिग्दर्शनासाठीचे ऑस्कर पाच वेळा नामांकन होऊनही त्याला कधीच मिळाले नाही.

मुलाबाळांना घेऊन बघण्याचा हा चित्रपट नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे. पण घरातल्या मोठ्यांनी तो जरूर पाहावा. ती मंडई १९७४ मध्ये नदीपलीकडे नाइन एल्म्सला हलली. बटाट्यांची पोती, ओरडणारे हमाल आणि पहाटेच्या मालमोटारी ‘फ्रेन्झी’त तेवढ्या राहिल्या आहेत, आणि त्यांच्या गलक्यात कुणालाच ऐकू न आलेले ते वरचे बंद दारही.