रिकाम्या हातांची संत : लिझ्यूची तेरेजा

दरवर्षी १ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण साजरा करते. क्रूस आणि गुलाबपुष्पे हाती घेतलेली तिची तसबीर आपल्या अनेक घरांत आहे. त्या गोड तसबिरीमागे एक गोष्ट झाकली जाते. स्वतःच्या बळावर चांगले होण्याचे या मुलीचे प्रयत्न वर्षानुवर्षे फसले होते.

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलांसों येथे झाला. लुई व झेली मार्टिन हे तिचे मातापिता. त्यांनाही २०१५ साली संतपद लाभले. लहानपणी केलेले छोटे छोटे त्याग मोजण्यासाठी ती खिशात मण्यांची माळ बाळगत असे. ती साडेचार वर्षांची असताना आई वारली. नंतर, आईच्या जागी मानलेली बहीण पोलीन १८८२ साली लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली. तेरेजा कमालीची हळवी झाली. क्षुल्लक कारणाने रडायचे आणि आपण रडलो म्हणून पुन्हा रडायचे, हा तिचा स्वभावच बनला. निश्चय करूनही तो सुटेना.

१८८६ च्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साहून कुटुंब घरी परतले. शेकोटीपाशी ठेवलेल्या बुटांतून मुलांनी भेटी काढायच्या, अशी तिकडची प्रथा होती. लवकरच चौदा वर्षांची होणाऱ्या मुलीसाठी हे अजून करावे लागते, याचा दमलेल्या वडिलांना कंटाळा आला आणि यंदाचे हे शेवटचेच, असे ते बोलून गेले. जिन्यात असलेल्या तेरेजाने ते ऐकले. डोळे भरून आले. परंतु अश्रू आवरून ती खाली आली आणि आनंदाने एकेक भेट उघडू लागली. आपण अनेक वर्षे धडपडूनही जे साधले नाही, ते येशूने एका क्षणात केले, अशी तिची धारणा झाली.

९ एप्रिल १८८८ रोजी, पंधराव्या वर्षी, ती मठात दाखल झाली. थोर संतांपुढे आपण वाळूच्या कणाएवढ्या आहोत, हे तिला जाणवत होते. श्रीमंतांच्या घरांत तेव्हा लिफ्ट आली होती. पूर्णतेचा उभा जिना चढण्याइतके बळ आपल्यात नाही, तेव्हा येशूचे बाहू हीच आपली लिफ्ट, असे तिने मानले. त्याने उचलून घ्यावे म्हणून मोठे व्हायचे नाही, लहानच राहायचे!

हा आळशीपणाचा मार्ग नव्हे. धुणे धुताना एका भगिनीच्या हातून मळके पाणी तोंडावर उडे, तरी ती तिथून हलत नसे. प्रार्थनेत मात्र तिला झोप येई. त्याचे ती दुःख करीत बसली नाही. झोपलेले मूलही आईबापांना प्रियच असते, असे ती म्हणे. ९ जून १८९५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणाला, तिने स्वतःला देवाच्या दयार्द्र प्रीतीस अर्पण केले आणि रिकाम्या हातांनीच देवापुढे उभे राहण्याचे ठरवले. मण्यांचा हिशेब कधीच मागे पडला होता.

१८९६ च्या पवित्र आठवड्यात क्षयाने तिला प्रथम रक्ताची उलटी झाली. पाठोपाठ ईस्टरच्या दिवसांत मनावर काळोख दाटला. स्वर्ग आहे की नाही, असा प्रश्न तिला छळू लागला. श्रद्धेचा आनंदही हातून गेला. तेव्हा तिने विश्वासांगिकार स्वतःच्या रक्ताने लिहिला आणि तो हृदयाशी बाळगला. तो काळोख अखेरपर्यंत हटला नाही. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या २४ व्या वर्षी, देवावरील प्रीती व्यक्त करीत तिने प्राण सोडला.