पेन्सिल, दगड आणि कॅमेरा : चित्रकार फाळके

दादासाहेब फाळके हे नाव आपल्याला बहुतेक वेळा सामान्यज्ञानाच्या पेपरातच भेटतं. भारतीय चित्रपटाचे जनक कोण? एका मार्काचं उत्तर लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं! पण या माणसाने पहिला चित्रपट दाखवला तेव्हा त्यांचं वय त्रेचाळीस वर्षांचं होतं. मग त्याआधी ते काय करत होते? थोडक्यात सांगायचं तर चित्रं काढत होते, आणि चित्र काढायचं प्रत्येक नवं यंत्र शिकत होते.

मित्रांनो, आपल्या होस्टेलमध्ये असे चित्रकार प्रत्येक मजल्यावर सापडतील. थर्मोडायनॅमिक्सच्या वहीच्या मागच्या पानावर नारुतो, गोकू, स्पायडरमॅन उतरलेले असतात. कुणी मोबाईलवर बोटाने रेघोट्या मारतो, कुणी पैसे साठवून पेन टॅब्लेट घेतो. वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या शाळांतून एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली मंडळीही यात आहेत. या सगळ्यांना हमखास ऐकावं लागणारं एक वाक्य म्हणजे, दुसऱ्याचीच पात्रं काढतोस, त्यात तुझं काय? या प्रश्नाचं चांगलं उत्तर फाळक्यांच्या आयुष्यात आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. घरात रामायण, महाभारत, भागवत यांची उठबस. राम कसा, कृष्ण कसा, हरिश्चंद्राने काय सोसलं, हे या मुलाने कानांनी भरपूर ऐकलं. पुढे वडिलांना मुंबईत संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. शास्त्रीबुवांचा मुलगा ड्रॉइंग शिकायला निघाला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

तिथून ते मोठ्या भावाबरोबर बडोद्याला गेले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी तिथे कलाभवन ही संस्था उभी केली होती. कलाभवन म्हणजे नुसती चित्रशाळा नव्हे. रंग, रसायनं, यंत्रं, छपाई असं सगळं एका छताखाली! आजच्या भाषेत इंजिनिअरिंग कॉलेज आणि आर्ट स्कूल एकत्र. फाळके तिथे तैलचित्रं शिकले, जलरंग शिकले, मातीकाम शिकले. मग फोटोग्राफी आणि ब्लॉक बनवणंही शिकले. तीन रंगांच्या ब्लॉकचं तंत्र नीट शिकण्यासाठी गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवलं.

हे तीन रंगांचं प्रकरण आपण जरा समजून घेऊ, कारण ते आपल्या कामाचं आहे. रंगीत चित्राचे तीन वेगवेगळ्या काचांतून, म्हणजे फिल्टरमधून, तीन फोटो घ्यायचे. त्यावरून पिवळा, तांबडा आणि निळा असे तीन ब्लॉक करायचे. एकाच कागदावर ते एकावर एक छापायचे. ठिपक्यावर ठिपका बसला की डोळ्याला पूर्ण रंगीत चित्र दिसतं. एक ब्लॉक केसभर सरकला तरी चेहऱ्याला दोन नाकं! आज आपण क्रिता किंवा गिंपमध्ये लेयर उघडतो, कलर चॅनेल वेगळे करतो, प्रिंटसाठी सीएमवायके निवडतो. त्यामागे हीच कल्पना आहे. फरक एवढाच की फाळक्यांना अनडूचं बटण नव्हतं.

एवढं शिकल्यावर आयुष्य सुरळीत व्हायला हवं होतं, पण झालं उलट. गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला आणि १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोघंही गेली. ते बडोद्याला परतले, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशा समजुतीने लोक फोटो काढायला तयार होईनात. म्हणून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग शिकले आणि स्वतःचं आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने ते करून दाखवले. १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला. या सरस्वतीबाई. त्यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे. नंतर पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून पगाराची सरकारी नोकरी लागली. स्वदेशीच्या वाऱ्यात तीही सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला.

इथे त्यांच्या आयुष्यात राजा रविवर्मा येतात. रविवर्म्यांच्या प्रसिद्ध चित्रांचा छापखाना लोणावळ्याजवळच मळवलीला होता. सरस्वती, लक्ष्मी, दमयंती, शकुंतला यांची ती शिळाछापाची चित्रं घरोघरी भिंतीवर लागलेली असत. शिळाछाप म्हणजे गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि वर शाई फिरवायची. पाणी शाईला झिडकारतं आणि तेलकट रेघ तिला धरून ठेवते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. या छापखान्यासाठी फाळक्यांनी फोटोलिथोची कामं केली.

आता बघा, दमयंती ही काही रविवर्म्यांची नव्हे. ती महाभारतातली. त्यांनी ती वाचली, ऐकली आणि आपल्या कल्पनेने तिला चेहरा, साडी, दागिने दिले. लोकांना वाटलं, हीच खरी दमयंती! ऐकलेल्या पात्राला चेहरा देणं हे मोठं काम आहे आणि ते दुसऱ्याचं पात्र घेऊनच होतं. फाळके हे काम रोज जवळून बघत होते. दुसऱ्याच्या रेषा दगडावर उतरवता उतरवता त्यांचा स्वतःचा हात आणि डोळा तयार होत होता.

१९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीला जाऊन आले. पण पुढे भागीदारांशी बिनसलं आणि जमवलेला छापखाना सोडून ते बाहेर पडले. वय चाळीस, पदरात मुलं आणि हातात काम नाही. अशा वेळी, १९११ च्या ईस्टरला, गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण चालू लागले. भिंतीवरची चित्रं हलवायची! बस्स, ठरलं.

मग रात्रंदिवस सिनेमे बघणं, वाचणं, खेळण्यातल्या कॅमेऱ्यावर प्रयोग. त्या ताणाने डोळ्यांनी दगा दिला आणि दिसेनासं झालं. चित्रकाराचे डोळे जाणं म्हणजे काय, याची कल्पनाच करवत नाही. डॉक्टरांचे उपचार आणि चष्मे यांनी दृष्टी परत आली आणि हे पुन्हा त्याच कामाला लागले. विम्याची पॉलिसी गहाण पडली. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तिथे चित्रपट बनवण्याचं काम प्रत्यक्ष पाहिलं, विल्यमसन कॅमेरा मागवला आणि १ एप्रिलला परत आले.

पण पैसे देणार कोण? सावकाराला पटवायला त्यांनी कुंडीत एक बी लावलं आणि रोज थोड्या थोड्या चौकटी टिपल्या. महिनाभराने पडद्यावर काही क्षणांत बी फुटून त्याचं रोप झालं. आपण आज टाइमलॅप्स म्हणतो तो हा! पैसे मिळाले, तरी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेलेच. या बाईंचं काम मात्र पैशात मोजता येणार नाही. कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं, फिल्म धुणं आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सगळं त्यांनी केलं. यंत्र घरात आलं तेव्हा ते दोघांनी मिळून शिकलं.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला. लांबी ३,७०० फूट. एका फुटात १६ चौकटी, म्हणजे सुमारे ५९ हजार चित्रं! काम करायला बाई मिळेना म्हणून तारामती झाला साळुंके नावाचा तरुण, तर रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामं केली.

चित्रकलेच्या दृष्टीने दोन गोष्टी खास सांगाव्याशा वाटतात. पहिली, ‘आगकाड्यांची मौज’. १९१५ च्या सुमाराची ही छोटी फिल्म. काड्यापेटीतल्या काड्या किंचित हलवायच्या आणि एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायच्या आणि पुन्हा टिपायची. पडद्यावर काड्या आपोआप नाचतात. ब्लेंडरमध्ये कीफ्रेम लावणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. दुसरी, १९१९ चा ‘कालियामर्दन’. कृष्ण झाली होती फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. गोष्ट सुरू होण्याआधी तिच्या चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव दाखवले आहेत आणि मग ती मुलगी हळूच कृष्ण होते. एकाच चेहऱ्याचे दहा भाव काढून बघा असं चित्रकलेचे सर सांगतात ना, तोच हा अभ्यास, फक्त पडद्यावर केलेला.

शेवट मात्र गोड नाही. नाशिकची कंपनी, भागीदारांशी मतभेद, रुसून काशीला जाणं, परत येणं... १९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटांचा जमाना संपला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. त्यांच्या बऱ्याच फिल्म काळाने खाल्ल्या. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला आहे. आपली चित्रं एकाच पेनड्राइव्हवर ठेवणाऱ्यांनी यातून योग्य तो बोध घ्यावा!

तर मित्रांनो, फाळक्यांच्या हातातलं साधन किती वेळा बदललं ते मोजा. पेन्सिल, ब्रश, कॅमेरा, ब्लॉक, दगड, सिनेमा. पण प्रत्येक नव्या साधनाकडे ते आधीची शिदोरी घेऊन गेले आणि प्रत्येक यंत्र आतून कसं चालतं हे समजून घेतल्याशिवाय थांबले नाहीत. हल्ली चार शब्द टाईप केले की संगणक चित्र काढून देतो. देऊ दे. पण त्या चित्रात हात चुकला आहे, सावली उलटी पडली आहे, हे ओळखायला ज्याने स्वतः शंभर हात काढले आहेत तोच डोळा लागतो.

आणि दुसऱ्याच्या पात्रांचं काय? खुशाल काढा. मात्र एक फरक लक्षात ठेवा. हरिश्चंद्र सगळ्यांचा होता, नारुतोला मालक आहे. सरावाला, मित्राच्या वाढदिवसाला काढणं वेगळं आणि टी-शर्टवर छापून विकणं वेगळं. ट्रेस केलेल्या चित्राखाली आपली सही तर नकोच. फाळक्यांनी पात्रं उसनी घेतली, पण त्यांना चेहरा, चाल आणि भाव स्वतः दिले. उसन्या पात्रात आपण काय घातलं, एवढंच विचारायचं असतं. नकलेपासून सुरुवात करायला लाज नाही, फक्त तिथेच मुक्काम करू नये.

वर्ध्याहून मुंबईच्या गाडीत बसलात की वाटेत नाशिक रोड लागतं. वेळ काढून एकदा उतरा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. जाताना स्केचबुक मात्र बरोबर घ्या!