एकाच शुक्राणूला प्रवेश : अंडपेशीचा पहारा उलगडणारे अर्नेस्ट जस्ट

राइट टाउन (जबलपूर) : दवाखाने आणि रुग्णालयांनी गजबजलेल्या राइट टाउनसारख्या वस्त्यांत अपत्यप्राप्तीच्या उपचारांसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून दांपत्ये येतात. टेस्ट ट्यूब बेबी या नावाने परिचित असलेल्या पद्धतीत स्त्रीची अंडपेशी आणि पुरुषाचे हजारो शुक्राणू काचेच्या बशीत एकत्र ठेवले जातात. साधारण 16 ते 18 तासांनी भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली एकच गोष्ट मोजतात, ती म्हणजे अंडपेशीतील केंद्रके. दोन दिसली, एक आईकडचे आणि एक वडिलांकडचे, तर उपचार पुढे सरकतो. तीन दिसली तर बहुधा दोन शुक्राणू आत शिरलेले असतात आणि ती अंडपेशी बाजूला ठेवली जाते. सुईने एकच शुक्राणू आत सोडण्याच्या नव्या पद्धतीत दुसरा शिरण्याचा प्रश्न उरत नाही. बशीतील फलनात मात्र सारी भिस्त अंडपेशीच्या स्वतःच्या पहाऱ्यावर असते.

हा पहारा कसा चालतो, याचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकी कृष्णवर्णीय जीवशास्त्रज्ञ अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांचे नाव महत्त्वाचे आहे. अंडपेशीचे दार कसे बंद होते हे बारकाईने पाहणाऱ्या या संशोधकासाठी त्यांच्याच देशातील मोठ्या विद्यापीठांची दारे अखेरपर्यंत बंद राहिली.

जस्ट यांचा जन्म 14 ऑगस्ट 1883 रोजी दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन शहरात झाला. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम 18 वर्षे झाली होती. अर्नेस्ट चार वर्षांचे असताना वडील वारले. आई मेरी शिक्षिका होत्या. घर चालवण्यासाठी त्यांनी फॉस्फेटच्या खाणीतही काम केले आणि पुढे कृष्णवर्णीयांची मेरीव्हिल ही वसाहत उभारण्यात पुढाकार घेतला. दक्षिणेतील शाळांत मुलाला पुरेसे शिक्षण मिळणार नाही हे ओळखून त्यांनी त्याला उत्तरेकडे न्यू हॅम्पशायरमधील किंबल युनियन अकादमीत पाठवले. तेथे शिकत असतानाच आईचे छत्र हरपले. अर्नेस्ट यांनी चार वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरा केला आणि 1907 मध्ये डार्टमथ महाविद्यालयाची पदवी विशेष गुणवत्तेसह मिळवली. अंड्यापासून जीव कसा घडतो, या प्रश्नाची ओढ त्यांना याच महाविद्यालयात लागली.

पदवी कितीही उत्तम असली तरी कृष्णवर्णीय तरुणाला त्या काळी श्वेतवर्णीयांच्या विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळत नसे. जस्ट वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठात रुजू झाले, तेही इंग्रजी शिकवण्यासाठी. काही वर्षांत ते जीवशास्त्राकडे वळले आणि प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. 1909 च्या उन्हाळ्यापासून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील वूड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत ते काम करू लागले. शिकागो विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक लिली हे तेथे त्यांचे मार्गदर्शक होते. पुढची जवळपास वीस वर्षे जस्ट यांचे बहुतेक उन्हाळे याच किनाऱ्यावर गेले.

नेरीस नावाचे सागरी कृमी चांदणे नसलेल्या रात्री प्रजननासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर येतात. कंदील आणि जाळे घेऊन ते पकडायचे आणि त्यांची अंडी ताजी असतानाच निरीक्षण सुरू करायचे, असा जस्ट यांचा शिरस्ता होता. शुक्राणू ज्या बिंदूवर शिरतो त्यावरून अंड्याच्या पहिल्या विभाजनाची दिशा ठरते, हे त्यांनी 1912 मधील आपल्या पहिल्या शोधनिबंधात दाखवले.

त्यांच्या काटेकोरपणाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण पुढचा शोध त्याच्याच बळावर लागला. काचेची भांडी निष्कलंक स्वच्छ हवीत, समुद्राचे पाणी ताजे हवे, अंड्यांना उष्णतेची झळ लागता कामा नये, असा त्यांचा आग्रह असे. प्रयोगाआधीच दुखावलेल्या अंड्यांवरून काढलेले निष्कर्ष निरोगी अंड्यांना लागू होत नाहीत, असे त्यांचे मत होते. या मुद्द्यावर त्यांनी जॅक लोब यांच्यासारख्या दिग्गजाच्या प्रयोगांवरही टीका केली. अंडी हाताळण्यात अडचण आली की वूड्स होलमधील अनेक संशोधक जस्ट यांचाच सल्ला घेत.

एकाहून अधिक शुक्राणू आत शिरले तर बिघडते काय, हे तोवर स्पष्ट झाले होते. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी सी अर्चिन या काटेरी, गोलाकार सागरी प्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग करून ते दाखवले होते. प्रत्येक शुक्राणू गुणसूत्रांबरोबर पेशीविभाजनाचे एक केंद्रही आत आणतो. दोन शुक्राणू आले की विभाजनाची दोन टोके होण्याऐवजी चार होतात, गुणसूत्रांची वाटणी विस्कटते आणि भ्रूण सहसा जगत नाही. मानवात अशा गर्भात 46 ऐवजी 69 गुणसूत्रे येऊ शकतात आणि बहुतेक वेळा गर्भपात होतो.

फलनानंतर सी अर्चिनच्या अंड्याभोवती एक पारदर्शक आवरण उचलले जाते, हे एकोणिसाव्या शतकातच दिसले होते. दुसऱ्या शुक्राणूला तेच आवरण अडवते, असे मानणे स्वाभाविक होते. जस्ट यांनी सी अर्चिनचाच चपटा नातलग असलेल्या सँड डॉलर या प्राण्याची अंडी निवडली आणि 1919 मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. आवरण उचलले जाण्याआधीच शुक्राणू चिकटलेल्या बिंदूपासून एक बदल लाटेसारखा अंड्याच्या पृष्ठभागावर पसरत जातो आणि ही लाट जेथून पुढे गेली तेथे दुसऱ्या शुक्राणूला शिरकाव मिळत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे दार आधी बंद होते आणि भिंत मागाहून उभी राहते. शुक्राणूला नायक आणि अंड्याला त्याची वाट पाहणारी निष्क्रिय पेशी मानण्याच्या काळात हे निरीक्षण वेगळे होते. जस्ट यांच्या लेखी निर्णायक हालचाल अंड्याची होती.

विद्युत्भार मोजणारी सूक्ष्म साधने त्यांच्या हाती नव्हती. 1976 मध्ये अमेरिकी संशोधक लॉरिंडा जॅफी यांनी सी अर्चिनच्या अंड्यात हा भार मोजला. पहिला शुक्राणू जोडला जाताच काही सेकंदांत पेशीपटलाचा ऋण भार धन होतो आणि तो तसा असेपर्यंत दुसरा शुक्राणू पटलाशी एकरूप होऊ शकत नाही. ही झटपट सोय मिनिटभर टिकते. तेवढ्यात दुसरी, कायमची सोय तयार होते. कॅल्शियमची लाट अंडभर पसरते, पटलाखालचे हजारो सूक्ष्म कण फुटतात आणि त्यांतील द्रव्यांमुळे आवरण उचलले जाऊन कडक होते. मानवासह बहुतेक सस्तन प्राण्यांत पहिली, विजेची सोय आढळत नाही. तेथे कणांतून सुटलेले विकर अंडपेशीभोवतीच्या जाड कवचातील प्रथिन कापते आणि नव्या शुक्राणूंना त्यावर पकड मिळत नाही. खुद्द पेशीपटलावरची शुक्राणू पकडणारी प्रथिनेही झडून जातात.

जस्ट यांना 1915 मध्ये कृष्णवर्णीयांच्या कर्तृत्वासाठी सुरू झालेले स्पिंगार्न पदक मिळाले. ते या पदकाचे पहिलेच मानकरी होते. पुढच्या वर्षी शिकागो विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. तरीही एखाद्या मोठ्या संशोधन विद्यापीठाकडून नोकरीचे बोलावणे आले नाही. हॉवर्डमध्ये अध्यापनाचा भार मोठा होता आणि संशोधनासाठी रोझेनवाल्ड निधीसारख्या देणग्यांवर अवलंबून राहावे लागे.

1929 मध्ये ते इटलीतील नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात गेले, 1930 मध्ये बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत. युरोपात संशोधक म्हणून मिळालेली वागणूक त्यांना मायदेशी कधी मिळाली नव्हती. जर्मनीत नाझींची सत्ता आल्यावर त्यांनी फ्रान्सचा आसरा घेतला. पेशीच्या पृष्ठभागाचे जीवशास्त्र मांडणारा त्यांचा ग्रंथ 1939 मध्ये प्रसिद्ध झाला. पेशीचे जीवन केवळ केंद्रकात नसून तिच्या पृष्ठभागातही तितकेच असते, हे त्याचे सूत्र होते. जनुकांचे महत्त्व कमी लेखताना जस्ट यांनी टोक गाठले, हेही खरे. पण जनुकशास्त्राच्या भरतीच्या त्या काळात त्यांच्या योग्य मुद्द्यांकडेही फारसे कोणी पाहिले नाही.

1940 मध्ये जर्मन सैन्य फ्रान्समध्ये शिरले आणि जस्ट यांना काही काळ छावणीत डांबण्यात आले. सुटकेनंतर ते गरोदर पत्नी हेडविग यांच्यासह अमेरिकेला परतले. तोवर प्रकृती ढासळली होती. 27 ऑक्टोबर 1941 रोजी वॉशिंग्टन येथे स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ते 58 वर्षांचे होते.

इतिहासकार केनेथ मॅनिंग यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र 1983 मध्ये, म्हणजे जन्मशताब्दीच्या वर्षी, प्रसिद्ध झाले. अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर 32 सेंटचे तिकीट काढले, ते 1996 मध्ये.