शेठ वालचंद हिराचंद : अमेरिकन मोटार कुर्ल्यात आणणारा सोलापूरचा माणूस



मोबाईलवरच्या शर्यतीच्या खेळांमुळे आपल्या मुरबाड-शहापूरच्या मुलांनाही डॉज चार्जर, मस्टँग, प्लिमथ ही नावं तोंडपाठ झाली आहेत. मोठं व्ही-८ इंजिन, कानठळ्या बसवणारा सायलेन्सर, ट्रॅकवरचा वेग, मुलांना याचं भारी वेड! पण यातल्या डॉज आणि प्लिमथ या नावांच्या मोटारी एके काळी मुंबईत कुर्ल्याला तयार होत होत्या, हे किती मुलांना माहीत आहे? ज्यांच्यामुळे हे घडलं त्या शेठ वालचंद हिराचंद यांचा हा थोडक्यात परिचय.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणं मूळचं गुजरातमधलं, जैन. घरात कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय होता. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. मुंबई-पुण्यात कॉलेजचं शिक्षण सुरू झालं खरं, पण ते पूर्ण झालं नाही. घरच्या पेढीवर त्यांचं मन रमेना. रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घ्यायला सुरुवात केली. पुढे बोरघाटातले रेल्वेचे बोगदे झाले, आणि तानसा तलावाचं पाणी मुंबईला नेणाऱ्या नळांचं कामही त्यांच्या हाताखाली झालं. तानसा म्हणजे आपल्या शहापूर तालुक्यातला! मुंबईकडे जाणारे ते अजस्र नळ आपली मुलं जाता-येता पाहतात. त्या इतिहासात वालचंदांचाही वाटा आहे, हे त्यांना जरूर सांगावं.

१९१९ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी उभारली. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं. म्हणूनच ५ एप्रिल हा आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

आता मोटारीची गोष्ट. त्या काळी भारतात मोटारी नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेवरोले गाड्या जोडत होती. पण सुटे भाग परदेशातून पेट्यांमध्ये भरून यायचे आणि इथे फक्त जोडले जायचे. जोडणी आपली, गाडी मात्र परक्यांची! वालचंदांना नेमकं हेच खटकत होतं. त्यांना गाडीचे भाग इथेच बनवायचे होते. थोर अभियंते सर विश्वेश्वरय्या यांनीही १९३५ च्या सुमारास मोटार कारखान्याची योजना मांडली होती आणि त्यांचा या कामाला पाठिंबा होता.

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्ड आणि जनरल मोटर्सशी बोलणी फिसकटली. शेवटी क्रायस्लर कंपनी तयार झाली. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही सगळी तिचीच नावं. याच प्रवासात एका अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली आणि त्यातून १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना निघाला. मोटारीचं घोडं मात्र अडलं. ब्रिटिश सरकारने या उद्योगाला हात दिला नाही, आणि महायुद्धात परदेशातून यंत्रं आणायची सोय राहिली नाही. तरी त्यांनी नाद सोडला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या आसपास कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवात जोडणीनेच झाली, पण भाग इथे बनवायचं ध्येय सुटलं नाही.

पुढे पक्षाघाताने त्यांची प्रकृती खालावली. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. त्याच सुमारास सरकारने धोरण ठरवलं, की इथे भाग बनवायची तयारी असेल त्यांनीच देशात राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी आपली जोडणी गुंडाळली, प्रीमियर टिकून राहिली. पुढे याच कारखान्यातून फियाट ११०० आणि नंतर प्रीमियर पद्मिनी निघाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. त्यातली शेवटची २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली.

आता वर्गातल्या मुलांसाठी एक मुद्दा. आजकाल बाईकचा सायलेन्सर काढून फटफट आवाज करणं म्हणजे गाडी मॉडिफाय करणं, असा मुलांचा समज असतो. इंजिनात जळलेला धूर पुरता बाहेर पडला तरच नवी हवा नीट आत येते. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरच्या धुराच्या नळीची लांबी, जाडी हिशोब करून ठरवतात. नुसता सायलेन्सर काढला तर आवाज हमखास वाढतो, ताकद वाढेलच असं नाही. कमी वेगात गाडीची ओढ उलट कमीही होऊ शकते. शिवाय दंड होतो तो वेगळाच!

गाडीची आवड असलेल्या मुलाला रागावून गप्प बसवू नका. गाडीचा कोणता भाग कुठे बनतो, का बनतो, हे त्याला शोधायला सांगा. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय शेठजींच्याच नावाने ओळखलं जातं. तिथपर्यंत आपल्या तालुक्यातली मुलं पोहोचू शकतात, हेही त्याला सांगा.