वर्गणी गोळा करणारा माणूस: ना. म. जोशी



आपल्या गिरणगावाशी नातं असलेल्या एखाद्या थोर व्यक्तीवर लिही, असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा बॅचच्या ग्रुपवर नेमकी निधीची चर्चा रंगली होती. जमलेल्या पैशांतून शाळेला एकदाच काहीतरी मोठं द्यायचं, की दरवर्षी थोडं थोडं? देणगीदारांच्या नावांची पाटी हवी की नको? म्हणून मी नारायण मल्हार जोशी निवडले. चिंचपोकळीच्या पलीकडचा त्यांच्या नावाचा रस्ता आपण सगळ्यांनी तुडवलाय. घरातली मोठी माणसं अजून त्याला डिलाईल रोडच म्हणतात.

जोशींचा जन्म 5 जून 1879चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. हे लोकलचं गोरेगाव नव्हे, माणगावजवळचं. शिक्षण पुण्यात झालं, 1901 मध्ये डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि पुढची काही वर्षं त्यांनी शिक्षकी केली. आपल्या सरांना आणि बाईंना हे वाचून बरं वाटेल. 1909 मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही, अशी शपथ तिथे घ्यावी लागे. त्यानंतर हा माणूस उभं आयुष्य दुसऱ्यांसाठी पैसे मागत फिरला.

1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन झाली. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष होते, पण रोजचं काम ओढलं ते जोशींनी. शहरात दानधर्म तेव्हाही भरपूर होता. लीगचं वेगळेपण असं, की तिच्या उद्देशातच आधी सामाजिक परिस्थितीची माहिती गोळा करणं आणि तिचा अभ्यास करणं होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही कोड लिहिण्याआधी गरज काय आहे ते विचारून घेतात, निदान घ्यावं अशी अपेक्षा असते. चाळीत जाऊन पाहिलं की कळायचं, गिरणी कामगाराला अक्षरओळख नाही, आणि असली तरी पुस्तक विकत घ्यायची ऐपत नाही. शिवाय पगार हातात पडायच्या आधीच सावकार दारात उभा. म्हणून लीगने रात्रशाळा काढल्या, मोफत वाचनालयं आणि फिरती ग्रंथालयं सुरू केली, दवाखाने चालवले, सहकारी पतसंस्था उभ्या केल्या. पतसंस्थेचं मला विशेष वाटतं. तिथे कामगार मदत घेणारा राहत नाही, सभासद होतो.

हे सगळं चालायचं देणग्यांवर, आणि देणाऱ्यांत गिरणीमालकही असत. परळचा दामोदर हॉल ठाकरसी घराण्यातल्या दामोदर ठाकरसींच्या नावाने आहे. ठाकरसी म्हणजे गिरण्यांचे मालक. 1922 पासूनच्या त्या नाट्यगृहात पुढे कामगारांनी पाळी संपवून नाटकं बसवली, सहकारी मनोरंजन मंडळासारख्या संस्था वाढल्या, कामगार रंगभूमीच्या कित्येक पिढ्या तिथे तोंडाला रंग लावून उभ्या राहिल्या. मालकाच्या नावाचं सभागृह कामगारांनी इतकं आपलंसं केलं, की 2023 मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा रंगकर्मी आंदोलनाला उतरले. शंभर वर्षांपूर्वीच्या देणगीसाठी लोक भांडतात, ही पावती छोटी नाही.

पण मालकांची देणगी घेणाऱ्या जोशींना मालकांसमोर उभंही राहावं लागलं. रात्रशाळेत माणूस वाचायला शिकेल. पगारच कापला तर त्याने काय वाचायचं? 1919 मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथे ते भारतातल्या कामगारांचे प्रतिनिधी होते. 1920 मध्ये मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. 1925 मध्ये गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि मोठा संप झाला. तेव्हा वर्गणीचा अनुभव कामी आला. संपकऱ्यांच्या घरी चूल पेटती ठेवण्यासाठी मदत उभी केली गेली, परदेशातल्या कामगार संघटनांनीही पैसे पाठवले. डिसेंबरात सरकारने कापडावरचा अबकारी कर स्थगित केला आणि कपात मागे घेतली गेली. जानेवारी 1926 मध्ये बॉम्बे टेक्सटाइल लेबर युनियन निघाली, अध्यक्ष जोशी.

मध्यवर्ती कायदेमंडळात ते 1921 पासून दोन दशकांहून अधिक काळ कामगारांच्या वतीने बसले. निवडून आलेले नव्हे, सरकारनियुक्त. यावरून त्यांना बोल लावणारे पुष्कळ होते. तिथे त्यांनी कामगार संघटनांना कायद्याची मान्यता मिळावी असा आग्रह धरला, तो कायदा 1926 मध्ये झाला. 1924 मध्ये त्यांनी बाळंतपणाच्या काळात कामगार बायकांना भत्ता मिळावा म्हणून विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. पण 1929 मध्ये मुंबई प्रांताने असा कायदा केलाच. कामावर परतलेल्या एका आईच्या नजरेने मी हे वाचते तेव्हा वाटतं, लीगच्या दवाखान्यात बाळंतिणीला औषध मिळत असेल, पण औषध देणगी असेपर्यंतच. भत्ता हक्काचा झाला, की तो मागायला कोणाच्या दारात जावं लागत नाही.

स्वभावाने ते मवाळ. 1928च्या प्रदीर्घ संपात लाल बावट्याच्या पुढाऱ्यांबरोबर त्यांनी संयुक्त समितीत काम केलं, पण दुसऱ्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात फूट पडली आणि ते आयटकमधून बाहेर पडले. व्हिटले आयोगावर बहिष्कार टाकावा, हे त्यांना पटलं नव्हतं. ते त्या आयोगाचे सदस्यच होते. यात त्यांचं चुकलं असं मानणारी घरं आपल्याकडे बरीच होती. मला वाटतं, जिथे टेबल मांडलंय तिथे बसून कामगारासाठी जेवढं पदरात पाडता येईल तेवढं पाडायचं, असा त्यांचा हिशेब होता. संपाच्या धगीत तो हिशेब लोकांना फिका वाटला, यात नवल नाही. एकीकरण झाल्यावर 1940 मध्ये ते पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले आणि 1948 पर्यंत ती जबाबदारी सांभाळली.

30 मे 1955 रोजी त्यांचं निधन झालं. डिलाईल रोडला त्यांचं नाव मिळालं. ज्यांच्यासाठी त्यांनी पतसंस्था आणि वाचनालयं काढली, त्याच गिरणी कामगारांच्या बीडीडी चाळी त्या रस्त्यावर होत्या. आता त्यांच्या जागी टॉवर येतायत. नव्या घरांच्या कागदांवर पत्ता मात्र ना. म. जोशी मार्ग असाच आहे.