एक रुपयाच्या नोटेवरचं जहाज

गेल्या गणपतीत हॉस्टेलवरून लालबागला घरी गेलो होतो. आजोबांची पत्र्याची ट्रंक आवरताना एक रुपयाच्या जुन्या नोटा सापडल्या. मागच्या बाजूला समुद्रात उभं असलेलं काहीतरी छापलेलं. मी म्हटलं, जहाज दिसतंय. आजोबा हसायला लागले. नातू मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आणि त्याला सागर सम्राट ओळखता येत नाही! आजोबा गिरणीत बॉयलरवर होते, त्यामुळे तेलाचा भाव त्यांना चांगला माहीत. १९७३ साली जगात तेल एकदम महागलं, त्या दिवसांच्या आठवणी निघाल्या. आजी रॉकेलच्या रांगेबद्दल बोलली. बोलता बोलता आजोबांनी एक नाव घेतलं, केशव देव मालवीय. खरं सांगतो, मी ते कधीच ऐकलं नव्हतं. परत आल्यावर सबमिशन बाजूला ठेवून लायब्ररीत बसलो, त्यातून हा लेख झाला.

मालवीयांचा जन्म ११ जून १९०४चा. कानपूरच्या हारकोर्ट बटलर संस्थेत ते तेल तंत्रज्ञान शिकले, म्हणजे तसे आपल्याच जातकुळीतले! पुढे स्वातंत्र्य चळवळीत उतरले आणि स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या सरकारात मंत्री झाले. तेव्हा देशात तेल निघायचं ते आसामात, तेही थोडंच. ट्रॉम्बेला नवे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, पण तेही परदेशी कंपन्यांचे आणि आतलं कच्चं तेलही बाहेरचंच. भारतात शोधण्यासारखं तेल फारसं नाही, असं बरेच परदेशी तज्ज्ञ सांगत. मालवीयांना ते पटलं नाही. त्यांनी रशियन तज्ज्ञ बोलावले, आपली तरुण पोरं भूगर्भशास्त्राच्या कामाला लावली आणि १४ ऑगस्ट १९५६ला तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला. आज त्यालाच आपण ओएनजीसी म्हणतो. १९५८ला खंबातजवळ तेल लागलं, १९६०ला अंकलेश्वरला. टीका करणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

पण ही गोष्ट सरळ नाही. एका खाणमालकाकडून पक्षाच्या उमेदवारासाठी निवडणुकीचे पैसे घेतल्याचं प्रकरण निघालं आणि १९६३ला मालवीयांना मंत्रिपद सोडावं लागलं. गंमत पाहा, ते पदावर नसतानाच, साधारण १९६४-६५च्या सुमाराला, रशियन जहाजाने केलेल्या पाहणीत मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली तो मोठा उंचवटा सापडला. तोच बॉम्बे हाय. मुंबईच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर क्षितिजाच्याही पलीकडे, सुमारे १६० किलोमीटरवर.

जपानमध्ये बांधलेल्या सागर सम्राटने ३१ जानेवारी १९७४ला तिथे भोक पाडायला सुरुवात केली आणि १९ फेब्रुवारीला तेल लागलं. हा रिग समुद्रतळावर पाय टेकवून स्वतःला लाटांच्या वर उचलून घेतो, म्हणून नोटेवर तो उभा दिसतो. तेव्हा मालवीय परत मंत्रिमंडळात होते, पण खातं पोलाद आणि खाणींचं. पेट्रोलियम खातं त्यांच्याकडे त्याच वर्षी ऑक्टोबरात आलं. तेव्हा तेल मालवीयांनी शोधलं असं म्हणणं बरोबर नाही. शोधणारी यंत्रणा मात्र त्यांनी उभी केली होती.

२१ मे १९७६ला उत्पादन सुरू झालं. आता तारीख बघा. मे अखेर, म्हणजे पाऊस तोंडावर! तेल न्यायला होती टँकर जहाजं. टँकर समुद्रातल्या तरंगत्या बोयाला बांधायचा आणि नळीने तेल भरायचं. समुद्र खवळला की हे काम अवघड, आणि भरणं थांबलं की विहिरीही रोखाव्या लागणार. उपाय एकच, समुद्रतळावरून सुमारे २०० किलोमीटरची पाइपलाइन उरणपर्यंत. ती १९७८ला चालू झाली. तोपर्यंत मालवीय १९७७ची निवडणूक हरले होते. २७ मे १९८१ला ते गेले.

मला वाटतं, त्यांचं अर्धं काम अजून बाकी आहे. जमिनीत तेल सापडलं की ते आपलं झालं. समुद्रात तसं नसतं, दर वर्षी ते समुद्राकडून पुन्हा मिळवावं लागतं. २७ जुलै २००५ला, मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, खवळलेल्या समुद्रात एक सेवा जहाज मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर आदळलं. तेलवायूच्या उभ्या नळ्या फुटल्या, आग लागली आणि दोनेक तासांत प्लॅटफॉर्म गेला. २२ माणसं गेली. शहरातल्या पुरामुळे हेलिकॉप्टरंही अडकली होती. महिन्याभराने अमेरिकेत कतरिना वादळ आलं, तेव्हा मेक्सिकोच्या आखातातलं सुमारे ९५ टक्के तेल उत्पादन बंद होतं. पण तिथे वादळाआधीच विहिरी बंद करून माणसं किनाऱ्यावर आणलेली होती. उत्पादन बुडालं, ते नंतर भरून काढता येतं.

१७ मे २०२१ला तौक्ते आलं तेव्हा मी शाळेत होतो. कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वारा, आमच्या चाळीचे पत्रे थडाथड वाजत होते. आमच्याच मजल्यावरचा एक दादा वेल्डर म्हणून समुद्रात कामाला गेला होता. दोन दिवस त्याचा फोन लागला नाही. त्याची आई गॅलरीत बसून होती, तिला कोणी जेव म्हणायलाही धजत नव्हतं. दादा परत आला. पी-३०५ या बार्जवर मात्र २६१ माणसं होती. नांगर तुटले, बार्ज भरकटला आणि बुडाला. नौदलाने आणि इतरांनी १८६ जणांना वाचवलं. बाकीचे आले नाहीत. तळाशी रोवलेले प्लॅटफॉर्म टिकले, नांगरावर तरंगणारी माणसं गेली. वादळाचा इशारा आधी मिळालेला होता.

मित्रांनो, आपल्यातले काही जण उद्या कॅम्पसमधून याच क्षेत्रात जातील. वादळ कधी येणार हे आता बऱ्यापैकी कळतं. काम थांबवून माणसं परत कधी आणायची, हे तिथल्या कोणाला तरी ठरवावं लागतं. तो कोणीतरी आपल्यापैकी असू शकतो. मालवीयांनी देशाला तेल आहे हे पटवून दिलं. ते आणणारी माणसं घरी पोचवणं आपल्याकडे आलंय.

ती एक रुपयाची नोट आजोबांनी मला दिली. हॉस्टेलच्या टेबलावर काचेखाली ठेवली आहे, चित्राची बाजू वर.